मायनरच्या मडगार्डसाठी ब्यूलीला

माझ्या १९५८ सालच्या दोन दारी मॉरिस मायनर १००० या ब्रिटिश गाडीला डावा दरवाजा आणि उजवे पुढचे मडगार्ड हवे होते. दरवाजा खरे तर एकदा मागवून झाला होता. विकणाऱ्याने पाठवलेल्या छायाचित्रात तो अगदी माझ्या गाडीचाच वाटत होता आणि सालही जुळत होते. पण चौकटीला लावून पाहिला तेव्हा मागच्या कडेला चांगलीच फट उरली. तो चार दारी गाडीचा पुढचा दरवाजा निघाला. चार दारी मायनर १९५० मध्ये आली, तेव्हा मागच्या दारांसाठी जागा काढण्याकरिता पुढची दारे आखूड केली गेली, हे मला वाचून माहीत होते. तरीही मोजमाप न मागता मी दरवाजा घेतला होता. त्यानंतर मी ठरवले की पत्र्याचा भाग हाताने चाचपून आणि फूटपट्टी लावूनच घ्यायचा, आणि त्यासाठी इंग्लंडमधल्या ब्यूलीला जायचे.

सप्टेंबरमधल्या त्या सकाळी ब्रॉकनहर्स्ट स्थानकावर उतरून न्यू फॉरेस्टमधून ब्यूलीकडे निघालो. या रानात तट्टे मोकळी चरतात आणि मनाला येईल तेव्हा रस्त्यात उभी राहतात, त्यामुळे वाहने सावकाश जातात. ब्यूलीच्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयाच्या आवारात १९६७ पासून जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार भरतो. संग्रहालय पाहायला वेगळा दिवस हवा. मी तडक बाजाराच्या मैदानात शिरलो.

गवतावर अंथरलेल्या ताडपत्र्यांवर दिवे, जाळ्या, चाकांच्या टोप्या, दाराच्या मुठी आणि ओळखू न येणारे असंख्य लोखंडी तुकडे पसरलेले होते. माझ्या पिशवीत मोजपट्टी, फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक आणि पुठ्ठ्याचा एक साचा एवढेच सामान होते. तो साचा मी माझ्या गाडीच्या शाबूत राहिलेल्या डाव्या मडगार्डावरून, दिव्यांच्या भोकांसकट कापून घेतला होता. उलटा धरला की तोच उजव्या बाजूला चालतो. मायनरचे मडगार्ड बोल्टने बसते, त्यामुळे ते बदलणे अवघड नाही. अडचण असते ती भोकांची. १९६३ च्या शेवटी पुढचे छोटे दिवे जाऊन त्यांच्या जागी मोठे दिवे आले आणि मडगार्डातले भोकही मोठे झाले. जुन्या मडगार्डाचे भोक वाढवून नवा दिवा बसवता येतो, पण मोठे भोक लहान करायचे तर पत्रा जोडून वेल्डिंग करावे लागते. पहिल्या तीन ठिकाणी मिळालेली मडगार्डे अशीच मोठ्या भोकाची होती. चौथे भोकाला जुळले, पण त्याच्या मागच्या खालच्या कोपऱ्यावरून लोहचुंबक घसरून पडले. चिखल साठून मायनरचा हाच कोपरा आधी गंजतो, आणि तिथे पत्र्याऐवजी पुट्टीचा जाड थर होता. वरून रंग इतका सफाईदार होता की नुसत्या नजरेने मला काहीच कळले नसते.

दुपारी मात्र मी एका बंपरपाशी बराच वेळ थांबलो. तो सुरुवातीच्या मायनरचा होता आणि त्याच्या बरोबर मध्यभागी एक वेगळी पट्टी जोडलेली होती. गाडी बाजारात येण्यापूर्वी तिचे रचनाकार अलेक इसिगोनिस यांना ती अरुंद वाटली. त्यांनी नमुन्याची गाडी लांबीत मधोमध कापून दोन भाग चार इंच दूर सरकवले. अरुंद गाडीच्या मापाचे बंपर तोवर तयार झालेले असल्यामुळे तेही कापून मधे पट्टी घालावी लागली. बॉनेटच्या मधून जाणारा सपाट पट्टा हीदेखील त्याच बदलाची खूण आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये लोकांपुढे आलेली आणि पुढे सोळा लाखांवर बनलेली ही गाडी मी वर्षानुवर्षे पुसत आलो आहे, पण त्या पट्टीवरून बोट फिरवताना मला प्रथमच जाणवले की बॉनेटवरचा तो पट्टा म्हणजे एका माणसाने अगदी ऐन वेळी घेतलेला निर्णय आहे.

बंपर विकणाऱ्या वयस्कर गृहस्थांना मी दरवाजाविषयी विचारले. दोन दारी मायनरचा दरवाजा शोधताना केवळ दोन दारी गाडीच का धुंडाळता, असे त्यांनी विचारले. मागे लाकडी चौकट असलेल्या ट्रॅव्हलर या मायनरच्याच प्रकाराला तोच दरवाजा लागतो. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. ट्रॅव्हलरची मागची मडगार्डे वेगळी असतात, हे लक्षात ठेवून मी ती गाडी संपूर्णच यादीतून वगळली होती. त्यांनीच दाखवलेल्या रांगेत ट्रॅव्हलरचा डावा दरवाजा मिळाला. खालच्या कडेला थोडा गंज होता, पण लोहचुंबक सगळीकडे घट्ट बसत होते आणि लांबी माझ्या मापाशी तंतोतंत जुळली. मडगार्ड दुसऱ्या दिवशी, बाजार आवरता आवरता सापडले: कधीही गाडीला न लागलेले, काळ्या प्रायमरमधले, लहान भोकाचे. त्यावर दोन पोचे होते. नव्याने बनवलेले गुळगुळीत मडगार्ड शेजारीच ठेवलेले असताना मी हे पोचलेलेच घेतले, कारण पोचा ठोकून काढता येतो, पण चाकावरच्या गोलाईची कड मुळात चुकली असेल तर ती गाडीवर शेवटपर्यंत खटकत राहते.

दोन्ही भाग लाकडी पेटीत बंद होऊन जहाजाने आले. पेटी उघडल्यावर रंगाचा डबा बाजूला ठेवून मी आधी मडगार्ड नुसत्या हाताने बोल्ट फिरवून लावले. वरचे सगळे बोल्ट सहज शिरले, खालच्या एकाला मात्र पाव इंच कमी पडत होते. ते भोक कानशीने लांबट केले, बॉनेट मिटले आणि दोन्ही बाजूंच्या फटीत एकच पुठ्ठा सरकवून पाहिला. तो डावीकडे जितका अडकला, तितकाच उजवीकडेही अडकला.