तुम्ही विचारलंत म्हणून: घरी एचडी व्हिडिओ एडिटिंगसाठी कुठला कॉम्प्युटर घेऊ?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच सगळं नीट लिहून टाकते. नवीन मशीन घ्यायच्या आधी जरा थांबा आणि तुमच्या फाइल्स कशा आहेत ते बघा, कारण बहुतेक वेळा घोडं तिथंच पेंड खातं.

फोन किंवा कॅमेऱ्यातून जी फाइल येते ती साधारण एच.२६४ किंवा एच.२६५ ह्या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीत असते आणि तिच्यात प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, पूर्ण साठवलेली नसते. मधेमधे एक पूर्ण फ्रेम आणि त्यानंतर फक्त काय बदललं तेवढंच, काही फ्रेम तर मागची आणि पुढची दोन्ही बघून तयार होतात. नुसतं प्ले करताना ह्याने काही बिघडत नाही. पण एडिट करताना आपण सरळ बघतच नाही ना, प्लेहेड (आपण कुठे आहोत ते दाखवणारी रेघ) मागे ओढतो, परत दोन फ्रेम पुढे जातो, बोलणाऱ्याने श्वास घेतला बरोब्बर तिथेच कट हवा असतो, आणि अशा दरेक वेळी कॉम्प्युटरला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळं उलगडत यावं लागतं. म्हणून टाइमलाइन, म्हणजे क्लिप ओळीने मांडायची पट्टी, अडखळते.

ह्यावर उपाय प्रॉक्सी. म्हणजे मूळ फाइलची एक कामापुरती कॉपी, प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी ह्या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये, जिच्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. लोकांना वाटतं प्रॉक्सी म्हणजे छोटी फाइल, पण तसं नेहमी नसतं. १९२०×१०८०, सेकंदाला २५ फ्रेमची प्रोरेस प्रॉक्सी साधारण ३८ मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे तासाला १७ जीबीच्या आसपास, फोनच्या मूळ फाइलपेक्षा ती बऱ्याचदा मोठीच होते आणि तरी लोण्यासारखी चालते! डिस्कवर जागा कमी असेल तर अर्ध्या रेझोल्यूशनची करा. दाविंची रिझॉल्व्ह ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फ्री व्हर्जनमध्ये प्रॉक्सीची सोय आहे, केडेनलाइव्ह ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पण आहे. रात्री प्रॉक्सी बनवायला लावायच्या, सकाळी कटिंगला बसायचं. फायनल एक्सपोर्ट मात्र मूळ फाइलवरूनच, तेव्हा सेटिंगमध्ये प्रॉक्सीवर टिक राहिली नाही ना हे आवर्जून बघा.

आता एक गोष्ट जी मी हात जोडून सांगते. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड कॉपी करताना फक्त व्हिडिओ फाइल्स उचलू नका, अख्खं फोल्डर आहे तसं घ्या. काही कॅमेरे लांबलचक रेकॉर्डिंगचे ४ जीबीचे तुकडे करतात आणि ते जोडायची माहिती शेजारच्या फोल्डरमध्ये असते. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाली, फाइल्सची संख्या आणि साइज जुळली, दोन-चार क्लिप शेवटापर्यंत उघडून पाहिल्या, की मगच कार्ड फॉरमॅट. रिझॉल्व्हच्या मीडिया पेजवर क्लोन टूल आहे, ते चेकसमने (फाइलमधल्या डेटावरून काढलेल्या आकड्याने) पडताळून कॉपी करतं, मी तेच वापरते.

फोनवर शूट करत असाल तर अजून एक. माझ्याकडे एकदा चाळीस मिनिटांची मुलाखत आली होती, चित्र फोनवर, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. चित्र आणि आवाज जुळवायला सुरुवातीला वाजवलेली टाळी अगदी फ्रेमवर जुळली, पण शेवटाकडे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचा. मी दोन तास आवाजाच्याच फाइलच्या मागे लागले होते, पाणी मुरत होतं भलतीकडेच. फोन फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, स्थिर ठेवत नाही, उजेड कमी झाला की तो बदलतो, आणि एडिटिंग सॉफ्टवेअरला ठराविक रेट हवा असतो. हँडब्रेक ह्या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट (स्थिर) फ्रेम रेट निवडून फाइल आधी बदलून घेतली की हे दुखणं जवळपास संपतं. टाइमलाइनचा फ्रेम रेट पण पहिल्यांदाच ठरवा, रिझॉल्व्हमध्ये फुटेज आत आल्यावर प्रोजेक्टचा रेट बदलता येत नाही.

डिस्कचं सोपं आहे. चालू काम आणि प्रॉक्सी एसएसडीवर, मूळ फुटेज आणि झालेली कामं साध्या हार्ड डिस्कवर, आणि एक कॉपी घराबाहेर कुठेतरी.

एवढं करूनही काम अडत असेल तर मशीन बदला, खुशाल बदला. तेव्हा रॅम १६ जीबीच्या खाली नको, ३२ असेल तर उत्तम, आणि तुमच्या कॅमेऱ्याचा कोडेक (व्हिडिओ दाबायची पद्धत) ग्राफिक्स चिप स्वतःच, हार्डवेअरमध्ये, उलगडते का हे घेण्याआधी दुकानात नक्की विचारा, कारण १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगांची जास्त माहिती असलेलं फुटेज, बऱ्याच चांगल्या ग्राफिक्स कार्डांनाही झेपत नाही. विचारायला जाताना स्वतःच्या कॅमेऱ्याची एक क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि तिथेच चालवून बघा.