एक्स्ट्रॅक्टर होता, टोपी नव्हती: ट्रिपवर क्रँक काढताना

पाच दिवसांची ट्रिप, आम्ही चौघी, रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर. रस्त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. आज लिहायचंय ते फक्त तिसऱ्या दिवसाच्या दुपारबद्दल, कारण ज्यांच्या सायकलला ऑक्टालिंक किंवा आयसिस क्रँक (म्हणजे जाड, पोकळ, खाचांच्या दांडीवर बसणारा पेडलचा दांडा) आहे त्यांनी निघण्यापूर्वी हे वाचायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

टक्-टक् दुसऱ्या दिवशीच्या चढावरच सुरू झाली होती, डावा पाय खाली गेला की एकदा. सीटवरून उठून चालवलं, पेडल बदलून पाहिलं, आवाज तोच. तिसऱ्या दिवशी सायकल उभी करून डावा क्रँक धरून आत-बाहेर हलवला, तर उजवाही बरोबर हलला. ही खूण लक्षात ठेवा: एकच क्रँक हलत असेल तर त्याचा बोल्ट ढिला असतो, दोन्ही एकत्र हलत असतील तर बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही क्रँकच्या मधला बेअरिंगचा भाग, बघायचा. माझा डावीकडचा कप, म्हणजे तो भाग फ्रेममध्ये धरून ठेवणारी आट्यांची कडी, सुटत चालला होता. त्यावर पाना बसवायचा तर आधी डावा क्रँक बाहेर काढणं भाग होतं.

कपाचा पाना होता, क्रँक ओढून काढायचं अवजार, एक्स्ट्रॅक्टर, तोही होता. माझ्या ऑक्टालिंकच्या बोल्टला १० मिमीची ॲलन की लागते. मल्टिटूलमध्ये ती सहसा नसते, म्हणून मी सुटी घेतली होती. बोल्ट काढला, वॉशर काढला, एक्स्ट्रॅक्टर आट्यांत बसवला आणि मधला स्क्रू फिरवायला लागले. तो नुसताच आत जात राहिला, जोर म्हणून लागेचना.

"अगं, टोपी कुठंय?" मैत्रिणीने विचारलं.

"कसली टोपी?"

तेव्हा कळलं. चौकोनी स्पिंडलच्या (क्रँक ज्यावर बसतो त्या मधल्या दांडीच्या) टोकाला बोल्टचं भोक ८ मिमीचं असतं, त्यामुळे एक्स्ट्रॅक्टरचं साधं टोक त्याच्या कडेवर टेकतं आणि क्रँक बाहेर ओढला जातो. ऑक्टालिंकचा स्पिंडल म्हणजे जाड पाइप, आणि बोल्टचं भोक १५ मिमीचं. टोक सरळ त्या पाइपात शिरतं. म्हणून टोकावर नखाएवढी एक जाड टोपी बसवायची असते. ती आमच्याकडे नव्हती.

"बोल्ट काढून तसंच चालव, आपोआप सुटेल," असा सल्ला आला. हे कृपा करून करू नका. चौकोनी क्रँक तसा सुटतो खरा, पण भोक वाकडं होऊन जातं. ऑक्टालिंकच्या आतल्या खाचा उथळ, ॲल्युमिनियमच्या; त्या एकदा घासल्या की क्रँक गेलाच. हातोडीही नको, प्रत्येक ठोका थेट बेअरिंगवर जातो.

आधी भोकावर एक लहान नाणं ठेवून पाहिलं. दोन-तीन फेऱ्यांत ते वाटीसारखं आत खचलं. मग मैत्रिणीच्या सायकलच्या स्टँडचा बोल्ट काढला: एम१०, षटकोनी डोकं, पाना १७चा. दांडा १० मिमीचा म्हणजे पाइपात आरामात शिरतो, लांबीची अडचण नाही, आणि डोकं बरोबर कडेवर बसतं. एक्स्ट्रॅक्टरचे आटे २२ मिमीचे असल्यामुळे डोकं त्यातूनही जातं.

धोका एकच, आणि तो मोठा. डोक्याला जाडी असते, त्यामुळे एक्स्ट्रॅक्टरची बाहेरची नळी पूर्ण बसण्याआधीच अडू शकते. तशी अर्धवट बसवून ओढलं तर क्रँकचे आटे सोलून निघतात. म्हणून बोल्ट न ठेवता किती फेरे बसतात ते आधी मोजलं: सात. मग मधला स्क्रू पूर्ण मागे घेतला, बोल्ट ठेवला, पुन्हा मोजले. सातच. कमी भरले असते तर डोकं कानशीने घासून पातळ केलं असतं. आट्यांत तेल, टोकाला ग्रीस, नळी पान्याने घट्ट केली आणि स्क्रू आवळत गेले. चौथ्या-पाचव्या ओढीला "कडाक्" झालं, मला वाटलं आटे गेले. पण क्रँक हातात आला होता, आटे जसेच्या तसे.

कप आवळायला पाच मिनिटं पुरली. डावीकडचा कप नेहमीसारखाच, घड्याळाच्या दिशेने आवळायचा. उजवीकडचा बहुतेक सायकलींवर उलट्या आट्यांचा असतो, तिथे घाई करू नका. क्रँक परत बसवताना खाचा हाताने नीट जुळवा, मगच बोल्ट लावा. तिरपा आवळला तर खाचा सोलतात. बोल्टला ३५ ते ५० न्यूटन-मीटर लागतात. वीस सेंटीमीटरच्या पान्यावर साधारण वीस किलोंचा जोर दिला की चाळीसच्या आसपास होतं. दहा किलोमीटरवर थांबून मी परत तपासला, थोडा फिरला. दुसऱ्यांदा नाही फिरला.

तुमचा क्रँक चौकोनी असेल आणि एक्स्ट्रॅक्टरचं फिरतं टोक गळून पडलं असेल, तर उरलेला बारीक दांडा बोल्टच्या भोकात शिरून तिथले आटे खराब करतो. तिथे हीच युक्ती एम६च्या आखूड बोल्टने चालते. आणि वॉशर आत राहिलाय का ते बोट घालून बघा. काळ्या ग्रीसमध्ये तो दिसत नाही, आणि तो राहिला तर एक्स्ट्रॅक्टर त्याच्यावरच जोर लावत बसतो.

क्रँक स्वतःच निघणारा असेल, म्हणजे बोल्टवर बाहेरून रिंग असलेला, आणि ती रिंग हरवली असेल, तर बोल्ट नुसताच हातात येतो. घाबरू नका. रिंगचे आटे बहुतेक वेळा तेच २२ मिमीचे असतात, तिथे साधा एक्स्ट्रॅक्टर लागतो.

टोपी घरी सापडली, जुन्या पाऊचच्या शिवणीत. आता ती ग्रीसने टोकाला चिकटवून वर ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळलाय. एम१०चा एक बोल्टही त्याच पिशवीत आहे, डोकं आधीच घासून पातळ केलेला.