रणगाडा सोडून त्याचा ट्रकच का?

माझी प्लास्टिकची छोटी मॉडेल्स बघायला येणारं जवळजवळ प्रत्येक जण थोड्या वेळाने विचारतं, "इतके देखणे रणगाडे सोडून तुम्ही ते वाहून नेणारे ट्रक न् ट्रेलर का बनवता?" उभ्या उभ्या मला याचं उत्तर नीट देता येत नाही. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते.

लांबच्या पल्ल्याला रणगाडा शक्यतो स्वतःच्या चाकांभोवतीच्या लोखंडी पट्ट्यांवर नेत नाहीत. पट्ट्यांच्या पिना झिजतात, इंजिन आणि गिअरबॉक्सचं आयुष्य वाटेतच संपत जातं, इंधन पाण्यासारखं जातं आणि रस्त्याची चाळण होते. म्हणून जिथे रेल्वे पोहोचत नाही तिथे त्याला ट्रेलरवर चढवतात. लढाईत मोडला, तर तसाच ट्रेलरवर घालून वर्कशॉपला परत आणतात. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांना याची फार निकड होती. त्यांच्याकडे स्कॅमेल पायोनियर हा ट्रक होता, दणकट पण संथ, 102 अश्वशक्तीचा. तेवढ्याने भागेना, म्हणून त्यांनी अमेरिकेकडून डायमंड टी 980 घेतला. तोही मुळात त्यांच्याच मागणीवरून तयार झालेला.

डायमंड टीचं मॉडेल मी पहिल्यांदा केलं तेव्हा केबिनच्या मागची मोठी पेटी मला अवजारांची वाटली होती. फोटो लावून बघत बसले तेव्हा कळलं की तिचं खरं काम वजन घालण्याचं आहे. हा ट्रक ट्रेलर नुसता ओढतो. रणगाड्याचा सगळा भार ट्रेलरच्या 24 टायरांवर असतो, ट्रकच्या मागच्या चाकांवर त्यातलं काहीच येत नाही. भार नसलेली चाकं जमीन धरत नाहीत, जागच्या जागी फिरतात. म्हणून त्या पेटीत मुद्दाम वजन भरायचं.

याच्या उलट अमेरिकेचा एम 26, ज्याला सगळे ड्रॅगन वॅगन म्हणतात. त्याच्या ट्रेलरचं पुढचं टोक ट्रकच्या पाठीवरच टेकतं, त्यामुळे वरच्या शर्मन रणगाड्याचं वजन आपोआप मागच्या चाकांना जमिनीवर दाबून धरतं. ती पेटी इथे लागतच नाही. मागच्या चाकांपर्यंत शक्ती पोहोचते ती साखळ्यांनी, सायकलसारखी, पण 17.9 लिटरच्या पेट्रोल इंजिनाची. या दोन गाड्या शेजारी ठेवल्या की एकाच अडचणीची दोन उत्तरं समोर दिसतात. रणगाड्याच्या मॉडेलने मला असं काही शिकवलं नव्हतं.

मग इंजिनांचा नाद लागला. थॉर्निक्रॉफ्ट या ब्रिटिश कंपनीचा अँटार ट्रक घ्या. डिंकी टॉइजने त्याचं धातूचं खेळणं काढलं होतं, मागे उघडणाऱ्या रॅम्पसकट, आणि त्यावर चढवायला वेगळा सेंच्युरियन रणगाडा. खरा अँटार मुळात सैन्यासाठी नव्हताच, तो वाळवंटात तेलवाहिनीचे पाइप वाहायला बनवला होता. त्याच्या बॉनेटखाली रोल्स-रॉइसचं मीटिओराइट इंजिन, 18 लिटरचं, 8 सिलिंडरचं. आणि त्याच्या पाठीवरच्या सेंच्युरियनमध्ये मीटिओर, 27 लिटरचं, 12 सिलिंडरचं. म्हणजे मीटिओराइट हे मीटिओरचं दोन तृतीयांश रूप, आणि मीटिओर स्वतः विमानाच्या मर्लिन इंजिनातून आलेलं. वाहणारा आणि वाहिला जाणारा, दोघं एकाच घराण्यातले! सोव्हिएत एमएझेड-537 ट्रकमध्येही तेच. त्याचं 38.8 लिटरचं, 525 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन टी-34 रणगाड्याच्या इंजिनाच्याच वंशातलं. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

पण माझं खरं उत्तर वजन हे आहे.

थोडा हिशेब करू. 1:35 मापाच्या मॉडेलमध्ये लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी 35 पटीने कमी होते, म्हणजे वजन 42,875 पटीने कमी व्हायला हवं. 60 टनांचा रणगाडा या मापात 1.4 किलोचा भरला पाहिजे. प्लास्टिकचं मॉडेल त्याच्या आसपासही जात नाही, एका हातात सहज उचललं जातं. एकट्या उभ्या रणगाड्याच्या मॉडेलमध्ये हे खपून जातं. त्याला ट्रेलरवर ठेवलं की खपत नाही. खालचे टायर गोलच्या गोल राहिले, तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण वरचा रणगाडा पोकळ आहे हे त्याला जाणवतं. हातात नसलेलं वजन डोळ्यांना दाखवायचं, हे या मॉडेलचं सगळं काम.

म्हणून मी टायर आधी करते. खालची बाजू सँडपेपरवर थोडी सपाट करायची आणि जमिनीला टेकते तिथे कडेला पुट्टीचा बारीक फुगवटा द्यायचा. थोडा जास्त झाला की टायर पंक्चर दिसतो. सगळे टायर सारखे दबलेलेही चालत नाहीत, रणगाड्याचा भार जिथे पडतो तिथले जास्त. मग डिंक न लावता सगळं जुळवून ट्रेलर काचेवर ठेवायचा, वर एखादं जड काहीतरी, आणि प्रत्येक टायरखालून पातळ कागदाची पट्टी सरकवून बघायची. पट्टी अडली तर टायर टेकलाय, सुटी गेली तर तो हवेत आहे. 24 टायरांच्या ट्रेलरला माझे दोन रविवार गेले. शेवटच्या टायरखाली पट्टी अडली तेव्हाचा आनंद मला कुठल्याच तोफेच्या नळीने दिलेला नाही.

रणगाडा बांधायच्या साखळ्यांचंही तेच. ट्रेलरवर तो चारही कोपऱ्यांना ताणून बांधलेला असतो. बारीक पितळी साखळी नुसती अडकवली की ती झोळ खाते आणि सगळं खोटं पडतं. ती खरोखर ताणली, तर प्लास्टिकचा ट्रेलर वाकतो. मी साखळी आधी सरळ धरून तिच्यात पातळ सुपरग्लू मुरू देते. ती काडीसारखी कडक झाली की मापाने कापून बसवते. ताण कुठेच नसतो, दिसतो मात्र पुरेपूर.

रंगाबद्दल फार सांगत नाही, त्यावर सगळेच बोलतात. एवढंच, की रॅम्पच्या कडा जिथे पट्टे चढतात तिथे धातू उघडा पडलाच पाहिजे.

आणि माणसं. अमेरिकेच्या एम 1070 ट्रकच्या केबिनमध्ये सहा जण बसतात, कारण पाठीवरच्या एब्रम्स रणगाड्याचे चौघेही तिथेच असतात. स्वतःच्या रणगाड्यापुढे ट्रकमध्ये बसून निघालेले रणगाड्याचे सैनिक. मला हे चित्र फार आवडतं.

सध्या टेबलावर जर्मन एसडी एएच 116 ट्रेलर आहे, 22 टन भार वाहणारा, फामो हाफट्रॅकच्या (पुढे चाकं, मागे पट्टे असलेल्या गाडीच्या) मागे जोडायचा. तो इतका लांब होता की मागची चाकं वळवायला मागेच एक वेगळा माणूस बसवत, छोट्या केबिनमध्ये, हातात स्वतःचं स्टिअरिंग घेऊन. काल त्याची आकृती रंगवली. मान थोडी डावीकडे वळवून घेतली आहे. त्याच्या समोर आख्खा रणगाडा उभा आहे, वळणाचा अंदाज त्याला बाजूनेच घ्यावा लागेल. दोन्ही हात चाकावर घट्ट बसतील असे कापून घेतलेत. उजवा अजून नीट बसत नाहीये, तो आज पुन्हा करणार आहे.