अर्धशिशी, गोळी आणि काळी कॉफी

रंगपंचमीला इंदूरची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघायला राजवाड्यावर जायचं पक्कं होतं आणि सकाळी नऊलाच उजवीकडे ती वाकडीतिकडी चमचमणारी रेघ दिसायला लागली. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना माहितीये, आता हातात वीस-पंचवीस मिनिटं, मग डोकं धरणार.

लगेच स्टीलच्या पेल्यात दोन चमचे इन्स्टंट कॉफी घातली (चिकोरीवाली नको, चिकोरीत कॅफिन नसतं), अर्धा कप गरम पाणी, दूध-साखर काही नाही, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी त्याच्यासोबतच घेतली. पडदे ओढून पडले. अटॅकमध्ये पोटाचं काम मंदावतं, गोळी तशीच पडून राहते, कॅफिनमुळे ती लवकर रक्तात उतरते, शिवाय अडेनोसिन नावाचं शरीरातलं रसायन जिथे जाऊन बसतं ती जागा कॅफिन आधीच अडवतं आणि रक्तवाहिन्या आकसतात. पण नुसत्या कॉफीवर भागत नाही हं. पेनकिलरसोबत साधारण 100 मिलिग्रॅम कॅफिन दिलं तर शंभरात आणखी पाच-दहा जणांना चांगला आराम पडतो, बस इतकाच फरक, पण त्या पाच-दहात आपण असलो तर तो खूप मोठा असतो.

माझं आधी चुकत होतं ते वेगळंच. ऑफिसात रोज तीन-चार कडक कॉफ्या, आणि दर रविवारी अकराच्या सुमारास डोकं दुखायचं. आत्या म्हणायची पित्त आहे, मी म्हणायचे ऊन. डॉक्टरांनी एकच विचारलं, रविवारी पहिली कॉफी किती वाजता घेता? मी उशिरा उठायचे ना! रोज 200 मिलिग्रॅमच्या वर कॅफिन दोन आठवड्यांहून जास्त घेतलं की ते चुकल्यावर 24 तासांच्या आत डोकं दुखू शकतं, आणि कॉफी घेतली की तासाभरात थांबतं, म्हणून मला वाटायचं कॉफी हेच औषध. मग रोजची कॉफी महिनाभरात हळूहळू कमी करत सोडली, ते दिवस खरंच वाईट गेले. आता कॉफी फक्त अटॅकसाठी राखून ठेवलीये. आणि कॅफिनवाली गोळी घेतली की कालनिर्णयवर लाल टिकली, कारण महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस अशा गोळ्या घेत राहिलं की काही महिन्यांत त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. मार्चमध्ये तीन टिकल्या आहेत.

साडेअकराला उठून बसले. डोकं जड होतं पण ठणका गेला होता. गेर हुकली, लांबून ढोल ऐकू येत होते, आईनं पोहे आणून दिले आणि ते पोटात टिकले.