यादी आली, पुस्तकं कुठायत?

28 एप्रिल

परवा सुट्टी लागते. आज शेवटच्या तासाला नववीला वाचनाची यादी दिली. दिली म्हणजे वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पीडीएफ टाकली. दोन पुस्तकं सक्तीची, एक इंग्रजी आणि एक मराठी किंवा कोकणी. प्रत्येकावर दोन पानी अहवाल, शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात. दहा गुण, तेही अंतर्गत मूल्यमापनात, म्हणजे कुणाची सुटका नाही.

मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, पुस्तक खंय मेळटलें?" म्हणजे पुस्तक मिळणार कुठे? वर्ग खो खो हसला. मला मात्र दिवसभरात ऐकलेल्या बोलण्यात हेच सगळ्यांत शहाणं वाटलं. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात पुस्तकांचं दुकान म्हणजे वह्या, पेनं, गाईड आणि राख्यांच्या दिवसांत राख्या. गोष्टीचं पुस्तक हवं तर पणजी गाठायची. पाटोवरचं मध्यवर्ती ग्रंथालय सुंदर आहे, 1832 सालापासूनची परंपरा आहे त्याला, पण मे महिन्याच्या उन्हात कोण बाप पोराला त्यासाठी बसमध्ये बसवणार? आणि शाळेचं वाचनालय सुट्टीत बंद. ज्या महिन्यात वाचायचं, त्याच महिन्यात कपाटांना कुलूप.

30 एप्रिल

सुट्टीत वाचनाची ही कल्पना मुख्याध्यापकांची. त्यांचा भाचा अमेरिकेत असतो, त्याच्या मुलीच्या हायस्कुलात असा कार्यक्रम आहे. तिथे ही रीत जुनी. जूनमध्ये यादी मिळते, शाळा उघडली की निबंध नाहीतर चाचणी. त्यामागचं कारणही तिथलंच आहे. त्यांची सुट्टी दहा-अकरा आठवड्यांची, तेवढ्यात मुलं शिकलेलं विसरतात. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये 39 अभ्यास तपासून सांगितलं की सुट्टीत सरासरी महिनाभराचं शिक्षण मागे पडतं. पुढे इतरांनी त्यावर शंकाही घेतल्या. पण आमचं काय? 2025 पासून सहावी ते दहावीचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊ लागलं. मेचा एक महिना गेला की जूनच्या पहिल्या आठवड्यात पोरं परत वर्गात. एवढ्यात कोण काय विसरणार!

आमचं दुखणं मे महिन्यात नाही, पाचवीत आहे. माझी बहुतेक मुलं चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकलेली. घरी कोकणी, पुस्तकात मराठी, ते जमून जातं. पाचवीत गणित, विज्ञान, इतिहास सगळं एकदम इंग्रजीत. मराठी उरते एका विषयापुरती, धडा आणि त्याखालच्या प्रश्नांपुरती. नववीपर्यंत येतात तेव्हा मराठी वाचनाचा वेग चौथीतच अडकलेला आणि इंग्रजीचा अजून यायचाय. आणि आम्ही यादी करतो चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना 'शोभेल' अशी. तीनशे पानी कादंबरी! ज्या मुलाला एका पानाला आठ मिनिटं लागतात त्याने तीनशे पानांचं काय करायचं, हा हिशेब बैठकीत कुणी केला नाही. मी मांडला तर इंग्रजीचे सर म्हणाले, "मग सोपी पुस्तकं देऊन त्यांना तिथेच ठेवायचं का?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. पण जिना चढायचा तर पहिली पायरी पायाला लागायला हवी ना.

4 मे

ग्रंथपाल बाईंकडून किल्ली मिळवली. त्या देईनात, आणि त्यांचंही बरोबर आहे. पुस्तक हरवलं की नोंदवहीत त्यांची सही, लेखापरीक्षणात त्यांनाच उत्तर द्यावं लागतं. वर्षानुवर्षं हेच चाललं की माणूस पुस्तकं वाचायला देण्याऐवजी राखायला शिकतो. शेवटी सगळी पुस्तकं माझ्या नावावर काढली. दोन मोठ्या पिशव्या भरल्या. जाडी बघून निवडली, हे इथे लिहायला हरकत नाही. पातळ, मोठा टाइप, शक्य तर चित्रं.

यादीतलं एकच नाव आग्रहाने ठेवलं, महादेवशास्त्री जोशी. दहा खंडांचा भारतीय संस्कृती कोश उभा करणारा माणूस आमच्या सत्तरीतला, आंबेड्याचा. वर्गातली काही पोरं रोज त्याच गावावरून येतात आणि त्यांना हे नाव माहीत नाही. त्यांच्या 'आत्मपुराण' या आत्मचरित्रातली थोडी पानं झेरॉक्स करून ठेवली. सबंध पुस्तक नववीला झेपणार नाही, पण आपल्या वाटेवरचं गाव छापील पानात दिसलं तर पोरगं थांबेल असं वाटलं.

9 मे

अमेरिकेतलाच आणखी एक प्रयोग वाचला. मुख्याध्यापकांना नक्की पाठवणार. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झेन यांनी फ्लोरिडातल्या गरीब वस्त्यांमधल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांना ओळीने तीन उन्हाळे दरवर्षी बारा पुस्तकं दिली. पुस्तकं मुलांनीच निवडायची, आणि ती त्यांचीच व्हायची. 2010 मध्ये निष्कर्ष छापून आले, ज्यांना पुस्तकं मिळाली त्यांचं वाचन न मिळालेल्यांपेक्षा सुधारलं. यात यादी नाही, सक्ती नाही. आम्ही त्यांच्याकडून नेमकी उरलेली अर्धी गोष्ट उचलली.

सक्तीला माझा विरोध नाही. सक्ती नसेल तर पुस्तक आमच्या मुलांच्या घरात शिरणारच नाही. फक्त ती आधी शाळेवर हवी. पुस्तक हातात पोचवा, मग पोराला वाच म्हणा.

17 मे

घराच्या पडवीत आठवड्यातून एक सकाळ पिशव्या उघडून बसते. मुलं येतात, पण महिना मे आहे हे विसरून चालत नाही. काजूचा शेवटचा बहर, कुणी बागायतीत बोंडू गोळा करतंय, कुणी फेणीच्या भट्टीवर बापाला मदत करतंय. लग्नं आहेत. फणस पिकलेत. पावसाआधी कोकमाची सोलं वाळवायची, लाकडं आत घ्यायची, छप्पर शाकारायचं. "सुट्टीत मुलं नुसती मोबाईल बघतात" हे वाक्य म्हणणाऱ्याने एकदा आमच्या गावात मेमध्ये राहून जावं. मोबाईल बघतात, अर्थात बघतात, रेंज मिळाली तर.

एक मुलगी पुस्तक बदलायला आली. घेतलेलं आवडलं नाही म्हणाली. का, तर "सगळी माणसं खूप चांगली आहेत." दिलं दुसरं. यादीत नसलेलं, भुताच्या गोष्टींचं.

6 जून

अहवाल आले. पहिला गठ्ठा तपासला आणि डोकं दुखायला लागलं. पाच जणांचे अहवाल 'ही कादंबरी मानवी जीवनातील विविध पैलूंवर प्रकाश टाकते' या एकाच वाक्याने सुरू होतात, पुस्तकं वेगवेगळी असताना. फोनला विचारलं की फोन हेच सांगतो. पोरांचा दोष कमी आहे. सारांश, आशय, संदेश, लेखकाचा परिचय असे चार रकाने आम्हीच दिले, ते भरण्यासाठी पुस्तक उघडावं लागत नाही.

मग एक वही. अर्धं पानच लिहिलंय. पुस्तक एकतिसाव्या पानावर सोडलं, असं सरळ कबूल केलंय. कारण? 'हिरो दिवसभर भटकतो, पण जेवतो कुठून ते लेखक सांगत नाही. माझा बाबा भटकला तर आम्ही उपाशी.' शुद्धलेखन भयंकर. पण एकतीस पानं या मुलाने नक्की वाचली, आणि भांडत वाचली. आमच्या तक्त्याप्रमाणे याला दहापैकी तीन, आणि त्या पाच जणांना आठ. मी त्याला नऊ दिले. विचारलं तर उत्तर तयार आहे.

भुताच्या गोष्टींवाल्या मुलीचा अहवाल नाही. पुस्तकही परत नाही, मावशीकडे गेलं म्हणे, तिथून मावशीच्या शेजारणीकडे. ग्रंथपाल बाईंना काय सांगू!

12 जून

आज बैठक झाली. दिवाळीच्या सुट्टीतही कार्यक्रम ठेवायचा ठरतंय. मी दोन गोष्टी मागितल्या. अहवाल रद्द करा, त्याऐवजी मुलाने पुस्तकातलं एक पान निवडून वर्गात वाचायचं आणि ते का निवडलं ते सांगायचं. आणि सुट्टीत आठवड्यातून दोन सकाळी वाचनालय उघडं ठेवा. इंग्रजीचे सर या वेळी माझ्या बाजूने बोलले, त्यांच्याकडेही तेच वाक्य आलं होतं, इंग्रजीतून. अहवाल पूर्ण रद्द करायला मुख्याध्यापक तयार नाहीत, फाईलला काहीतरी कागद लागतो म्हणाले. दोन पानांचं अर्ध्या पानावर आलं. वाचनालय उघडायला एक सकाळ मी आणि एक सकाळ सरांनी यायचं. हरवलेल्या पुस्तकांची रक्कम पालक-शिक्षक संघाकडून घ्यायची, ग्रंथपाल बाईंकडून नाही, हे इतिवृत्तात लिहून घेतलं. त्या आधी गप्प होत्या, हे ऐकल्यावर म्हणाल्या, तिसरी सकाळ मी उघडते.