मागच्या चाकाचा सूर : पुणे–पणजी मदत-राईडची चौथी नोंद

शाळेत जाणाऱ्या मुलींच्या सायकलींसाठी निधी जमवायला आपण चौदा जण पुण्याहून पणजीपर्यंत सायकलने जाणार आहोत. त्याच तयारीतल्या सरावाहून काल संध्याकाळी चांदणी चौकात परत पोहोचल्यावर मी सर्वांत आधी सायकल उलटी केली आणि मागच्या चाकाचे बत्तीसच्या बत्तीस स्पोक नखाने छेडून पाहिले. सकाळी निघताना जो सूर होता तोच सूर होता. ताम्हिणी घाटातून पायथ्याकडच्या विळे गावापर्यंत उतरून पुन्हा तोच घाट चढत, नऊ किलो सामानासह दीडशेहून अधिक किलोमीटर झाल्यावरही एकही स्पोक सैल पडलेला नव्हता आणि चाकाचा आऊट, म्हणजे डावी-उजवीकडची डुगडुग, काढण्याची गरज नव्हती. मागच्या नोंदीत तुटणाऱ्या स्पोकांबद्दलची माझी निराशा ज्यांनी वाचली आहे, त्यांना या वाक्याचे मोल कळेल.

त्या नोंदीनंतर काय घडले ते आधी सांगतो. तीन आठवड्यांपूर्वी याच घाटाच्या उतारावर, विळे जवळ आलेले असताना, मागून ‘टण्ण’ असा परिचित आवाज आला आणि दोन महिन्यांतला तिसरा स्पोक तुटला. रिम, म्हणजे चाकाची धातूची कड, ब्रेकच्या रबराला घासू लागली, म्हणून मागचा ब्रेक मोकळा करून उरलेला उतार मी केवळ पुढच्या ब्रेकवर उतरलो. भरलेल्या सायकलीवर असे कोणीही करू नये. माझ्या सायकलीवर गटाची सगळी हत्यारे, सुट्या ट्यूब, चेन तोडण्याचे साधन आणि प्रथमोपचाराची पेटी असते, आणि सोबत गाडी घ्यायची नाही असे आपण सर्वानुमते ठरवले आहे. त्यामुळे इतर कोणाचे चाक बिघडले तर उपाय माझ्याकडे आहे, पण माझेच चाक बसले तर चौदा जण वाटेत थांबतील.

त्यात निधीचाही प्रश्न आहे. चौदा सायकलस्वार आणि प्रत्येकी सुमारे ६०० किलोमीटर असा एकूण ८,४०० किलोमीटरचा हिशेब आपण देणगीदारांपुढे मांडला आहे. आजवर मिळालेली वचने किलोमीटरमागे सरासरी २० रुपये, म्हणजे १,६८,००० रुपये होतात. सहा हजारांची एक याप्रमाणे मुलींच्या २८ सायकली त्यांतून येतील. आपले उद्दिष्ट ४० सायकलींचे आहे. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वरच्या आसपास माझी राईड संपली, तर माझे उरलेले सुमारे ४५० किलोमीटर, म्हणजे नऊ हजार रुपये, जातील. चार-पाच किलोमीटर चालत शाळा गाठणाऱ्या दीड मुलीची सायकल काही ग्रॅमच्या तारेमुळे अडावी, हे मला सहन होण्यासारखे नव्हते.

पहिले दोन स्पोक तुटले तेव्हा केलेले उपाय आपल्याला ठाऊक आहेत. पॅनिअरमधले, म्हणजे कॅरिअरला लटकणाऱ्या पिशव्यांमधले, ओझे नऊ किलोवरून पाचवर आणले, ३२ मिलिमीटरच्या टायरमधली हवा ८० वरून ६५ पीएसआयवर उतरवली आणि तुटलेल्या स्पोकच्या जागी मधे बारीक व दोन्ही टोकांना जाड असा चांगल्या प्रतीचा स्पोक घातला. पौड रस्त्यावरच्या खड्ड्यांनाही मी पुष्कळ दोष दिला. तिसरा स्पोक तुटल्यावर मात्र तिन्ही तुकडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तिन्ही डाव्या बाजूचे होते आणि तिन्ही हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, भोकातून बाहेर येताना जिथे वाकतात, नेमके त्या कोपरातच तुटले होते. खड्ड्याने मोडायचे असते तर बाजू आणि जागा इतकी ठरलेली का असावी? शिवाय मागच्या चाकात कॅसेटला (गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचाला) जागा द्यावी लागत असल्यामुळे उजव्या बाजूचे स्पोक अधिक उभे असतात आणि त्यांच्यावर ताणही जास्त असतो. मग जास्त ताणाचे स्पोक शाबूत आणि कमी ताणाचे तुटलेले, हे कसे?

उत्तर गटातल्या सर्वांत ज्येष्ठ सायकलस्वार ताईंनी दिले. त्या पंचवीस वर्षे शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्या आहेत. माझ्या घरी नकाशा पाहायला आल्या असताना त्यांनी सहज चाक फिरवले, दोन-चार स्पोक छेडले आणि म्हणाल्या, “दादा, तुमचं चाक सरळ आहे, पण बेसूर आहे.” मग त्यांनी डाव्या बाजूचा एकेक स्पोक छेडायला सुरुवात केली. काहींचा सूर जवळजवळ उजव्या बाजूइतका चढा होता, तर पाच स्पोक उजव्या बाजूच्या बरोबर एक सप्तक खाली वाजत होते.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. तारेची लांबी आणि जाडी सारखी असेल तर ताण हा सुराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. सूर एक सप्तक खाली म्हणजे कंपने निम्मी आणि ताण एक चतुर्थांश. माझ्या हबच्या मापांनुसार डाव्या स्पोकवर उजव्याच्या सुमारे ६० टक्के ताण असायला हवा; म्हणजे डाव्या बाजूचा षड्ज धरला, तर उजवी बाजू शुद्ध गंधार आणि शुद्ध मध्यम यांच्या दरम्यान वाजली पाहिजे. ताईंनी बाजाच्या पेटीवर ते अंतर वाजवून दाखवले, तेव्हा इतके दिवस डोळ्यांना न दिसलेला दोष एका क्षणात कानांना कळला. डाव्या बाजूचा सरासरी ताण ठीक होता आणि रिमही जाड व ताठ होती, म्हणून चाक सरळ फिरत होते. पण त्या सरासरीत काही स्पोक दुप्पट भार घेत होते आणि काही जवळजवळ मोकळे लोंबत होते.

मोकळा स्पोक का तुटतो हेही मग स्पष्ट झाले. चाक फिरताना जो स्पोक जमिनीच्या बाजूला येतो त्याचा ताण क्षणभर कमी होतो. मुळात पुरेसा ताण असेल तर तो घटूनही स्पोक ताठ राहतो, पण ताण आधीच अपुरा असेल तर तो शून्यावर येतो, कोपर भोकात हलते आणि वर जाताना पुन्हा खेचले जाते. माझ्या टायरचा परीघ सुमारे २.१५ मीटर आहे. म्हणजे पणजीपर्यंतच्या ६०० किलोमीटरमध्ये हे हेलकावे २ लाख ७८ हजारांहून अधिक वेळा होतील. एकच तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडावी तसाच हा प्रकार आहे.

हा विषम ताण आला कोठून, याचा शोध मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दर वेळी स्पोक तुटला की नवा घालायचा आणि रिम ब्रेकच्या रबरांमध्ये सरळ फिरेपर्यंत जवळचे दोन-तीन निपल (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट) पिळायचे, अशीच दुरुस्ती झाली होती. एकदा दुकानात, दोनदा माझ्या हातून. आऊट निघत होता, पण ताणाचा समतोल प्रत्येक वेळी अधिक बिघडत होता, आणि पुढचा स्पोक त्याच दुरुस्तीत कमकुवत होत होता.

पेठेतल्या ज्या वयोवृद्ध मिस्त्रींना आपण सगळे काका म्हणतो, त्यांच्याकडे बसून मी चाक पूर्ण मोकळे केले. डाव्या बाजूचे सोळाही स्पोक बदलले, कारण न तुटलेल्यांनीही तेच हेलकावे सोसले होते. येथे एका विक्रेत्यामुळे चार दिवस गेले: २९४ मिलिमीटरचे मागवले असता पाकिटावर तोच आकडा छापून आत २९२ चे पाठवले होते. दोन मिलिमीटर किरकोळ वाटतात, पण तेवढे आटे निपलमध्ये कमी बसतात. स्पोक कोठूनही घ्या, घरी पट्टीवर मोजल्याशिवाय चाकात घालू नका. पान्ह्याबाबतही माझे मत आता पक्के झाले आहे. सगळ्या मापांच्या खाचा असलेला गोल पान्हा निपलचे कोपरे झिजवतो. माझ्या निपलना पार्क टूलचा काळा, ३.२३ मिलिमीटरचा पान्हा घट्ट बसतो आणि एकाच मापाच्या त्या पान्ह्याचे पैसे मला सार्थकी लागलेले वाटतात. ताण मोजण्याचे उपकरण मी एका मित्राकडून एका दिवसासाठी आणले, उजवी बाजू ११० किलोच्या आसपास बसवली आणि पुढचे सगळे काम सुरावर केले. प्रत्येक फेरीनंतर काका समांतर स्पोकच्या जोड्या दोन्ही हातांनी घट्ट दाबायला लावत. त्याने कोपर भोकात नीट बसते आणि पिळलेले स्पोक ‘टिक टिक’ करत सुटतात. चौथ्या फेरीला तो आवाज बंद झाला तेव्हा काकांनी मान डोलावली. मला त्या मान डोलावण्याचा आनंद काल घाट चढल्याच्या आनंदाइतकाच झाला.

यामुळे राईडच्या आखणीत एक बदल सुचवतो. आपल्या मार्गावर फेरीबोटीचे चार जलप्रवास आहेत: बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड आणि शेवटी तेरेखोल–केरी. ते अंतर आपण निधीच्या किलोमीटरमध्ये धरत नाही, पण जेट्टीवर थांबण्याचा वेळ आता चाके तपासण्यासाठी वापरू या. प्रत्येकाने आपल्या मागच्या चाकाचे स्पोक बाजूनुसार छेडावेत, ताई ऐकतील आणि सैल स्पोकवर मी लगेच चिकटपट्टीची खूण करीन. गुहागर ते गणपतीपुळे या पट्ट्यात प्रत्येक खाडीशी उतार आणि प्रत्येक सड्यावर (खडकाळ पठारावर) चढ असल्यामुळे तवसाळची तपासणी कोणीही टाळू नये.

हे लिहीत असतानाच दुसरा विचार मनात आला आणि तो मला अधिक मोठा वाटतो. ज्या ४० सायकली आपण देणार आहोत, त्या खोक्यांतून अर्धवट जोडलेल्या येतील. काकांचा अनुभव असा आहे की अशा नव्या सायकलींची चाके पहिल्या महिन्यात सैल पडतात, आणि वाडीपासून दुरुस्तीचे दुकान दूर असेल तर सायकल भिंतीला टेकून राहते. आपण सायकली जोडून, फोटो काढून परत येणार असू, तर माझ्या चाकात झाली तीच चूक ८० चाकांत करू. म्हणून वाटपाच्या आदल्या दिवशी शाळेच्या पटांगणात बसून प्रत्येक चाकाचा ताण आपणच सारखा करावा आणि वरच्या वर्गातल्या सहा-सात मुलींना पान्हा धरायला, आऊट काढायला व पंक्चर काढायला शिकवावे. शाळेत कायमची राहील अशी हत्यारांची एक पेटीही द्यावी लागेल. तिचा खर्च निधीतून न घेता आपण चौदा जणांनी वाटून घ्यावा, कारण राहण्या-जेवण्याचा खर्च आपला आणि देणगीचा प्रत्येक रुपया थेट संस्थेच्या खात्यात, हे वचन आपण दिले आहे. त्यासाठी परतीचा प्रवास एक दिवस पुढे ढकलावा लागेल. ज्यांना रजा मिळणे शक्य नाही त्यांनी मला बुधवारपर्यंत कळवावे.

पुढच्या रविवारी पहाटे पाच वाजता पुन्हा ताम्हिणी. या वेळी सामान सर्वांच्या सायकलींवर असेल आणि निघण्यापूर्वी अठ्ठावीसही चाके छेडून पाहायची आहेत, म्हणून साडेचारलाच या. ताई बाजाची पेटी आणणार आहेत.