फवारल्यापासून की वाळल्यापासून?

एका शेतकरी काकांचा फोन आला तेव्हा मे २०१७ चा पहिला आठवडा संपत आला होता. एप्रिलच्या अखेरीला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागात अवकाळी बर्फाचं वादळ होऊन गेलं होतं. पोटरीत आलेला गहू बर्फाखाली आडवा झाला होता, त्यामुळे त्या दिवसांत पिकांचे रोग तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत येणारा प्रत्येक फोन बर्फापासूनच सुरू व्हायचा. काकांचाही तसाच सुरू झाला. "गहू उठून उभा राहिला, पण पिवळा पडतोय. नत्र कमी पडलं म्हणावं, तर घातलंय भरपूर. आणि पिवळा पडतोय तोही एकाच बाजूने."

इथे सत्तरीच्या माणसालाही नावाने हाक मारतात. मला ते अजून जमलेलं नाही. तोंडाने नाव घेते, मनात काकाच म्हणते.

एरवी मी म्हटलं असतं की मुळासकट चार रोपं पिशवीत घालून पाठवा. पण 'एकाच बाजूने' हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी काढली. इंटरस्टेट ७० हा महामार्ग सोडून दक्षिणेला डायटन गावाच्या दिशेने वळलं की झाडं जवळजवळ संपतात. वारा मात्र संपत नाही. गाडीचं दार उघडताना ते हाताने धरून ठेवावं लागतं, नाहीतर बिजागरीला ताण बसतो.

शेताच्या दक्षिण बांधावर उभी राहिले आणि भिंग काढायच्या आधीच अंदाज आला. बांधालगतचा पट्टा हळदीसारखा पिवळा होता. तिथून आत शंभरएक पावलं जावं तसा तो पिवळा पोपटी होत होत हिरवा झाला होता. बर्फ असा बांधापासून मोजत मोजत पडत नाही, आणि नत्राची कमतरता खालच्या जुन्या पानांवर आधी दिसते. इथे वरची कोवळी पानंच पिवळी होती, तीही सरसकट नाही. शिरांना धरून तुटक, फिकट रेघा ओढल्यासारख्या.

एक रोप उपटलं. पोंग्यातून निघालेल्या पानाचं टोक खालच्या पानाच्या घडीत अडकलं होतं, त्यामुळे पान बादलीच्या कडीसारखं वाकलं होतं. त्याची कड आत वळून सुरळी झाली होती. ती नखाने उलगडली आणि वीसपट भिंगाखाली धरली. शेवयांचा चुरा सांडावा तसे पांढरे, लांबुडके कण, आणि त्यातले काही सावकाश सरकत होते. कर्ल माइट, म्हणजे पान गुंडाळणारा कोळी. लांबी जेमतेम पाव मिलिमीटर, डोक्याजवळ फक्त चार पाय, पंख नाहीत. याला उडता येत नाही, धड चालताही येत नाही. हा वाऱ्यावर जातो, आणि पश्चिम कॅन्ससमध्ये वाऱ्याला तोटा नाही.

काकांना भिंग दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हा? एवढासा?"

मला आमची तूर आठवली. लातूरकडे लहानपणी तुरीत मधूनच एखादं झाड पालेदार, फिकट, बुटकं उभं असायचं, त्याला ना फूल ना शेंग. बाबा ते उपटून टाकायचे आणि म्हणायचे, वांझ आहे. तो वांझ रोगही विषाणूचा, आणि तो पसरवणारा कोळी या गव्हाच्या कोळ्याच्याच कुळातला. गव्हावर या कोळ्यामार्फत येणाऱ्या तीन विषाणूंपैकी हाय प्लेन्स नावाचा तर तुरीच्या विषाणूंचा भाऊबंदच निघाला. हे मी पुढे पुस्तकात वाचलं तेव्हा बाबांना मुद्दाम फोन केला होता. ते म्हणाले, "बांधावरची जुनी तूर काढली नाही की हमखास यायचा." विज्ञानाने वेगळं काही सांगितलेलं नाही. कोळ्याला एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जायला मधे हिरवं काहीतरी लागतं. तुरीला बांधावरचं झाड लागतं. गव्हाला लागतो सांडलेल्या दाण्यांतून आपोआप उगवलेला गहू. त्याला इथे वॉलंटियर म्हणतात, म्हणजे स्वयंसेवक. इतकं चांगलं नाव इतक्या वाईट गोष्टीला मी दुसरं पाहिलेलं नाही.

"बांधापलीकडे काय होतं?" मी विचारलं.

"तेही माझंच. मागच्या जूनमध्ये काढणीच्या तोंडावर गारा पडल्या. सगळा दाणा खाली. ऑगस्टपर्यंत गालिचा झाला होता."

२०१६ चं साल पश्चिम कॅन्ससमध्ये कोणी विसरणार नाही. राज्याचा उतारा एकरी ५७ बुशेल (हे इथलं धान्याचं माप), म्हणजे विक्रमी, आणि भाव पार पडलेला. पडक्या भावात, रिकाम्या शेतातल्या वॉलंटियरवर डिझेल आणि तणनाशक कोण घालणार? पुन्हा पाऊस भरपूर आणि शरद ऋतू लांबलेला, उबदार. ऊब मिळाली की हा कोळी अंड्यापासून आठ-दहा दिवसांत पूर्ण वाढतो. काकांनी मात्र आळस केला नव्हता. ते म्हणाले, "मी फवारलं होतं. पेरणीच्या आधी फवारलं होतं. तुमच्याकडे फोन करून विचारलंसुद्धा."

मी खाली वाकून रोपं पिशवीत भरत होते, आणि वाकलेलीच राहिले.

तो फोन मी घेतला होता. सप्टेंबरचा शेवट, मला नोकरीला लागून तीन महिने झाले होते. मंगळवारी ग्लायफोसेट हे तणनाशक मारलंय, शुक्रवारी पेरलं तर चालेल का, असा प्रश्न होता. मी म्हणाले होते, फवारणी झालीय ना, मग पेरा.

चूक काय होती, ते आता झोपेतही सांगता येईल. ग्लायफोसेट मारलं म्हणजे गहू त्याच दिवशी मेला असं नाही. तो आठ-दहा दिवस, थंडी पडली तर त्याहून जास्त, हळूहळू वाळतो. तो हिरवा असेपर्यंत कोळी त्यावर जगतो, आणि वाळायला लागला की पानाच्या टोकाशी गोळा होऊन वारा पकडतो. म्हणून वॉलंटियर पूर्ण मेल्यावर निदान दोन आठवडे गेले पाहिजेत, मग पेरणी. हिरवं पान नसेल तर कोळी फार दिवस तग धरत नाही. मी काकांना नेमकं उलटं करायला लावलं. जुनं घर जळायला लागलं त्याच सुमारास शेजारी नवं कोवळं घर उगवून तयार.

खटला उभा राहिला असता तर मी कदाचित सुटले असते. त्या वर्षी अर्ध्या मैलाच्या आत आणखी कितीतरी शेतं वॉलंटियरने भरलेली होती, आणि कोणता कोळी कुठून आला हे कोणीच सिद्ध करू शकत नाही. पण बांधावरून आत जाणारा तो पिवळा उतार मी डोळ्यांनी पाहिला होता. त्या क्षणी मी काही बोलले नाही. "उद्या तपासणी करून सांगते," एवढंच म्हटलं.

परतल्यावर नियमाप्रमाणे बूट आणि कपडे पिशवीत बांधून ठेवले. शेतातून आलेल्या माणसाने त्या दिवशी काचघरात पाय ठेवायचा नाही, कारण शर्टाच्या बाहीवरूनही कोळी आत जातो. दुसऱ्या दिवशी एलायझा, म्हणजे विषाणू ओळखायची चाचणी, लावली. दक्षिण बांधाच्या नमुन्यांत स्ट्रीक मोझॅक आणि ट्रिटिकम मोझॅक हे दोन्ही विषाणू सापडले. दुसरा २००६ मध्ये कॅन्ससमध्येच पहिल्यांदा आढळला होता. दोन्ही एकत्र आले की नुकसान एकेकट्यापेक्षा जास्त होतं. औषध कशालाच नाही. पानाच्या सुरळीत बसलेल्या कोळ्यापर्यंत फवारा पोचत नाही, आणि विषाणूला तर फवाराच नाही.

काकांना फोन लावला. निकाल सांगितला. दक्षिणेकडचा भाग कापून वैरण करा, उत्तरेचा राहू द्या, असं मी म्हणाले. मग मीच म्हणाले, "सप्टेंबरमध्ये तुमचा फोन मीच घेतला होता. मी चुकीचं सांगितलं."

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता, म्हणजे ते बाहेर होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या वर्षी या रोगाने राज्यातल्या शेतकऱ्यांचे सात कोटी डॉलरच्या वर गेले, हे मला पुढे कळलं. तेव्हा माझ्यासमोर फक्त एक पट्टा होता.

"मग किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"चौदा. फवारल्यापासून नाही, वाळल्यापासून."

"थांब," ते म्हणाले. पिकअपचं दार उघडल्याचा आवाज आला, कागद चाळल्याचा आला. "हं. आता परत सांग, सावकाश."